दात्याच्या मातेचे रक्त पुन्हा तपासण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
मज्जाविकार साहाय्य समिती, खान्देश विभाग,
धुळे.

विषय : चि. गिरधर याचे हाडांतील मगजाचे (अस्थिमज्जा) रोपण थांबवून दात्याच्या खऱ्या मातेचे रक्त तपासणेबाबत.

संदर्भ : १) आपले मंजुरीपत्र, दि. २८ ऑक्टोबर १९९४.
२) माझे अर्ज, दि. ८, १४ व १८ नोव्हेंबर. (उत्तर फक्त पहिल्याला.)

महोदय,

मी खाली सही करणार, सौ. कुसुमलता सुभाषचंद काबरा, राहणार अमळनेर, विनंतीपूर्वक कळवते की आपण दिलेली मंजुरी आपणच तातडीने थांबवावी. मंजुरीसाठी सात महिने मीच आपल्या कचेरीचे उंबरे झिजवले, हे मला ठाऊक आहे. वेडी म्हणायचे तर म्हणा, पण अर्ज शेवटपर्यंत वाचा.

१. माझा मुलगा गिरधर, वय आठ. दोन वर्षांपूर्वी हाक ऐकेनासा झाला, मग फळा दिसेना, आता उभा राहत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले की वायरीवरचे रबर वितळावे तसे त्याच्या मज्जातंतूंवरचे आवरण वितळते आहे. निरोगी भावाच्या हाडातील मगजाच्या मूळ पेशी दिल्या तर ते वितळणे थांबू शकेल. गेलेले परत येणार नाही. दोष आईकडून मुलात उतरतो, हेही त्यांनीच सांगितले.

२. मगजाचा मेळ चि. रतिलाल याच्याशी जमला. रतिलाल साडेपाच वर्षांचा असून कागदोपत्री माझे जेठ (थोरले दीर) कन्हैयालाल व जेठाणी (मोठी जाऊ) धापूबाई, राहणार धुळे, यांचा मुलगा आहे. चुलत भावाचा मेळ इतका कसा जमला, असे डॉक्टरांनी हसत विचारले होते. मी औषधांच्या खर्चाचे विचारून विषय बदलला.

३. रतिलालला मी जन्म दिला. धापूबाईंची कूस उजवली नाही म्हणून चाळीस दिवसांचा असताना त्याला त्यांच्या ओटीत घातले. आमच्या घराण्याची रीत अशी की देणाऱ्या आईने देवासमोर हात ठेवून वचन द्यायचे : आजपासून हे मूल माझे नाही, तोंडाने म्हणणार नाही, हाताने लिहिणार नाही. ते मी पाळले. तो मला काकी म्हणतो, मी ओ देते.

४. आपल्या छापील फॉर्मात 'दात्याच्या मातेचे नाव' असा रकाना होता. तिथे मी माझ्या हाताने धापूबाईंचे नाव लिहिले. चूक माझी आहे, शंभर वेळा माझी आहे. आपण धापूबाईंचे रक्त तपासलेत, ते अर्थातच निर्दोष निघाले, आणि माता निर्दोष म्हणून मुलाच्या तपासणीची गरज नाही असा शेरा मारून दाता योग्य ठरवलात.

५. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धापूबाई रतिलालला घेऊन आमच्याकडे आल्या. स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन मला म्हणाल्या, "कुसुम, हाक मारली की हा हल्ली भलतीकडेच बघतो. गिरधरचं पहिल्यांदा असंच झालं होतं का गं?" पाच वर्षांत ज्या बाईने मला त्याचे नखही कापू दिले नाही, ती मला हे विचारत होती.

६. मी लगेच दि. ८ रोजी, वचनामुळे कारण न लिहिता, माझे रक्त तपासावे असा अर्ज केला. आपले उत्तर आले : दत्तकपत्र नोंदणीकृत असल्याने कायद्याने माता धापूबाई याच होत, अर्जदार या दात्याच्या काकी असल्याने त्यांच्या रक्ताचा संबंध येत नाही. साहेब, कायद्याने नाळ तुटते, रक्त बदलते का हो? माझे यजमान म्हणतात, तुला भास होतो, हाती आलेले घालवू नकोस. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, समितीचे पत्र आणा. आणि काकीचे रक्त घ्यायला इथे कुणी तयार नाही, म्हणून आपला शिपाई पंडितभाऊ कळवळून म्हणतो, "अक्का, काकीनं रगत आठे कोन लेई?"

७. उद्या शुक्रवारी मुंबईत गिरधरला औषधे सुरू होतील. त्याच्या हाडांतला त्याचा स्वतःचा मगज ती जाळून टाकतील. मग मागे फिरता येणार नाही. त्या जागी जे भरणार आहात, ते त्याच दोषाचे असेल तर?

८. माझ्या रक्तात दोष निघाला, तर गिरधरची शेवटची आशा गेली आणि रतिलालवर संशय आला, हे मला कळते. दोन्ही पोरांविरुद्ध पुरावा मीच घेऊन आले आहे. पण रतिलालचा रोग आज कळला तर त्याच्यासाठी दुसरा दाता शोधायला वेळ आहे. गिरधरच्या वेळी तो आम्ही अंगारे-धुपाऱ्यात घालवला. देवासमोरचे वचन मी या कागदावर मोडते आहे : रतिलाल माझा आहे.

तरी औषधे थांबवण्याची तार मुंबईला आजच करावी व माझे रक्त, आणि त्यात दोष निघाल्यास रतिलालचेही, तपासावे, ही हात जोडून विनंती. उत्तर मिळेपर्यंत मी आपल्या दारातून हलणार नाही.

गिरधर व रतिलाल यांची आई,
सौ. कुसुमलता सुभाषचंद काबरा
धुळे, दि. २४ नोव्हेंबर १९९४, सकाळी साडेदहा

सोबत :
१) रतिलालच्या जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद, माझ्या नावाचा.
२) रतिलालच्या तपासणीस सौ. धापूबाई यांचे संमतीपत्र, अंगठ्यासह.
३) माझे रक्त, बाटली एक. आज पहाटे अमळनेरला कंपाउंडरकडून काढून थर्मासमध्ये बर्फात आणले आहे. बर्फ दुपारपर्यंत टिकेल.