बोथट पाती

३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपल्या मुलांच्या स्केटिंग हॉकी संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चाकांच्या स्केट्सवरची वर्षं भराभर लिहून झाली, पण बर्फावरच्या पहिल्याच सामन्याशी गाडी अडली. तू कप्तान होतास. सगळ्यांच्या स्केट्सची पाती बोथट निघाली आणि तुम्ही सपाटून हरलात. ते मामाने मुद्दाम केलं, असं छापू का? धार त्याच्याच दुकानात लावली होती हे खरं. पण सख्खा मामा आहे, म्हणून विचारते.

तब्येत सांभाळ, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बेलाशक छाप. संघ बाबा निवडायचे, त्यांनी मामाच्या पोराला, ढब्बूला, घेतलं नाही, त्याचा मामाने डूख धरला होता. सामन्यानंतर बाबांनी माझे स्केट्स त्याच्या दुकानात भिरकावले आणि संबंध तोडले, ते योग्यच केलं. तुला आत्ताच कसा त्याचा पुळका आला? त्याने गाठलं वाटतं तुला? मला दाट संशय आहे.

राग मानू नकोस. जीव लावतेस तसाच लावत राहा.
धाकटा

१५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मला कोणी गाठलेलं नाही, संशयी महाराज. काल सराव बघायला गेले होते. चाकांवरून नुकतीच बर्फावर आलेली पोरं पात्यांना कव्हर न घालताच सिमेंटवरून खडखडत पाणी प्यायला निघाली. प्रशिक्षक ओरडले की सगळी धार जाईल. आणि मला तुमचा तो सामना आठवला. त्या सकाळी फोटोसाठी बाबांनी तुम्हाला स्केट्स घालूनच बाहेरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर नेलं होतं ना? कव्हरं होती का? खरं सांग. आई गेली तेव्हाही आपण मामाला दारातून परत पाठवलं रे.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर धाड.
ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्हती. चाकांना कुठे कव्हर लागतं? कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

काल मामाच्या दुकानात गेलो. हा आता काय डाव टाकतो, अशी शंका दारात शिरेपर्यंत मनात होती. त्याने मला ओळखलं, चष्मा पुसला आणि मागच्या खुंटीवरून माझे स्केट्स काढून समोर ठेवले. म्हणाला, त्याच संध्याकाळी पुन्हा धार लावून ठेवली होती, न्यायला कोणी आलंच नाही.

माया असू दे, ताई. या वेळी मला ती जरा जास्तच लागेल.
धाकटा