शिडीत की खुर्चीत?

तीर्थस्वरूप दाजींस,

भिंतीतले कपाट, घडीचे टेबल, न करकरणारा पाळणा आणि पाठ पुढे उलटली की शिडी होणारी खुर्ची (सध्या मुक्काम तुमच्याकडे), हे सगळे कोणाच्या शिकवणीवाचून स्वतःच्या हाताने केलेल्या तुमच्या मेहुण्याचा नमस्कार. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? (उत्तर सवडीने द्या. खुर्चीचे मात्र लगेच.) पत्र उभ्यानेच लिहितो आहे. बसलो की उठावेसे वाटते.

आमच्या ऑफिसात संगणकाला फर्निचरची नातीगोती शिकवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्टूल बैठकीच्या कुळातले, पलंग निजण्याच्या, वगैरे. संगणक सांगाल तेवढेच समजतो. (आमच्या साहेबांना तेवढेही समजत नाही.) रुजू होताच मी नियम घालून दिला: जे बसायचे ते चढायचे नाही, जे चढायचे त्यावर बसायचे नाही. घोटाळाच नको! शेजारच्या टेबलावरची पोरगी, आमच्या धाकटीच्या वयाची, लगेच म्हणाली, "काका, बसणं, चढणं हे वस्तूचे उपयोग झाले. कुळं कशी होतील?" मी म्हटले, "बाळ, कधी रंधा धरलायस?" ती आपल्या संगणकाकडे वळली. (पुरावा म्हणून हे चालते, असे तेव्हा वाटले.)

गेल्या आठवड्यात दोन कारखान्यांच्या मालाच्या याद्या संगणकात एकत्र मांडताना दिसले की शिडी-खुर्ची एकाने शिड्यांत घातली आहे, दुसऱ्याने खुर्च्यांत. हौसेने मी माझीही घातली, दोन्हीकडे. संगणकाने माझ्याच नियमावर बोट ठेवून कळवले, अशी वस्तू असूच शकत नाही. दाजी, जिच्यावर चढून तुम्ही स्वतः दिवा बदललात ती! पोरगी हसली नाही. हसली असती तर परवडले असते.

तेव्हापासून घरात येरझाऱ्या चालू आहेत. पलंगाच्या कडेवर टेकायला जातो आणि हे नियमात बसते का, या विचाराने उठतो. काल ही वैतागून म्हणाली, "बसा नाहीतर चढा, पण एक काहीतरी करा!"

शेवटी मीच नियम बदलायला काढला: बसणे, चढणे हे उपयोग, कुळे नव्हेत. (पोरगी हेच म्हणाली होती, पण माझी मांडणी अधिक नेटकी आहे.) साहेब म्हणाले, "याद्या नकोत, अशी वस्तू आधी समोर आणून दाखवा. सोमवारपर्यंत आली नाही, तर नियम राहील आणि तुमची खुर्ची जाईल." आयुष्यात नवा विचार असा मी हा एकच काढला, दाजी.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. खुर्ची शनिवारीच रवाना करा. तुम्ही तिच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्याचे ताईकडून कळले. त्या आधी उतरवा. तिसरा उपयोग साहेबांना झेपणार नाही.

आणखी एक. आमच्या ऑफिसातल्या विक्रीवाल्यांनी आज बोलावले होते. बिजागऱ्या ठोकून पक्क्या करा म्हणाले, मग ती नुसती खुर्ची होते, नियमही शाबूत राहतो, नमुना आम्ही विकत घेतो. मी ताडकन नाही म्हणून उठलो. जिन्यात आल्यावर आठवले की खुर्ची तुम्हाला भेट दिलेली आहे, तेव्हा नाही म्हणायचा हक्क तुमचा होता. चाळीस हजार.