चारशे फटके

३ मार्च, मंगळवार

किळस आली. दुसरा शब्द नाही.

ताईच्या संगणकावरच्या खेळात एक पिल्लू आहे. अर्धं लांडग्याचं, अर्धं सरड्याचं. खाली दोन बटणं. एकावर लिहिलंय ‘चाबूक’, दुसऱ्यावर ‘गोंजार’. चाबूक दाबला की पिल्लू पोट जमिनीला टेकवतं आणि ‘धाक’ नावाची लाल पट्टी केसभर पुढे सरकते. चारशे फटके झाले की जनावर लढाईला तयार! कुणीतरी पगार घेऊन, मध्ये चहाला उठून हे बनवलं असेल. ते पोट टेकवणं तर फारच मन लावून केलंय.

आणि हे चारशे फटके मी मारायचे. कारण ताईची बोटं थरथरतात.

माझ्या गळ्यातली गाठ काढून बारा दिवस झाले. महिनाअखेरपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. चौतीस वर्षं सफाई कामगारांच्या सभांत बोलले. वीज गेली तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. आता हातात लहान मुलांची पाटी. ताईकडे राहायला आले ती दोघींची सोय म्हणून – माझे हात, तिचं तोंड.

४ मार्च, बुधवार

पाटीवर लिहिलं, ‘हे मी करणार नाही.’ ताईनं वाचलं, पुसलं. म्हणाली, “मग भाजी चीर.”

७ मार्च, शनिवार

आज तिची खेळातली टोळी ऐकली, हेडफोनचा आवाज बाहेरपर्यंत येतो. रोज दुपारी चारला सगळे जमतात. ताई धरून सातजण आहेत, सहा वर्षं झाली, आणि ताईनं एकालाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. भावजी गेल्यापासून ती दिवसभरात ज्यांच्याशी बोलते ते एवढेच. पोस्टातल्या एक बाई आहेत, त्या बाण मारतामारता सुनेच्या कागाळ्या सांगतात. कप्तान बंदरावर क्रेन चालवतो.

कप्तान म्हणाला, “ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.”

“मानला. पुढे बोला.”

“गेल्या तीन लढाया तुमच्या बाजूनं फळी फुटली. बावीस तारखेला किल्ल्याचं दार फोडायचंय. तोवर एक जनावर तयार करा. धाकाचंच करा, ते एका बटणावर सुटतं, तुमच्या हातांना सोपं. नाहीतर तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

“बरं,” ताई म्हणाली. हेडफोन काढला आणि टेबलावरचा चष्मा उगाच इकडून तिकडे ठेवला.

मी दुसऱ्या बटणाबद्दल वाद घातला. गोंजारून वाढवलेल्या जनावराला लळा लागतो. त्याला हल्ला करायला सांगायचं तर तीन बटणं एका क्षणी दाबावी लागतात, ते ताईला जमणार नाही, मान्य. पण धनी संकटात दिसला की ते न बोलावता धावून येतं! हे सगळं पाटीवर मावेना. चार वेळा पुसून लिहिलं. ताई म्हणाली, “तुझ्या गळ्यापेक्षा पाटी बरी. कुठेतरी संपते.”

मग म्हणाली, “ते पिल्लू नाही गं, ठिपके आहेत.”

लिहिलं, ‘ठिपके त्याचे. बोट माझं.’

तिनं नुसता हात पुढे केला. भूमापन कार्यालयात तीस वर्षं नद्या काढणारा हात. नदीला पट्टी लावता येत नाही, नुसत्या मनगटावर काढायची, असं सांगायची. आता चमचा तोंडाशी पोचेपर्यंत वरण अर्धं होतं. म्हणाली, “मला जमलं असतं तर तुला सांगितलं असतं का?”

लिहिलं, ‘करते.’

“मी बघणार नाही,” ती म्हणाली. “मलाही ते बघवत नाही. पूर्ण झालं की सांग.”

११ मार्च, बुधवार

ताई दोन ते चार झोपते. संगणक उघडला. चाबूक एकदा दाबला. पोट टेकलं, कान मागे गेले. उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

परत आले आणि गोंजार दाबलं. पुन्हा दाबलं. नव्वद वेळा. पिल्लू पाठ वर करून बोटाखाली येतं – बोट कुठलं, पडद्यावरचा बाण आहे तो – आणि निळी पट्टी सरकते.

१२ मार्च, गुरुवार

“किती झाले?” ताईनं विचारलं. लिहिलं, ‘९०.’ आकडा खरा आहे.

१७ मार्च, मंगळवार

ताईनं पिल्लाचं नाव मुक्या ठेवलंय. “तुझ्यावरून,” म्हणाली. ते अजून भुंकत नाही. पट्ट्या दिसतात ते सरावाचं पान सोडून इतर ठिकाणी ताई त्याला फिरवते, खायला घालते. परवा म्हणाली, “मार खाऊनही किती गुणी आहे बघ, मागेमागे येतो.” मी पाटी शोधायचं निमित्त करून बाहेर गेले.

इतर खेळाडूंनी दिलेला सल्ला आज वाचला. पानंच्या पानं! ‘उपाशी ठेवून मारा, पट्टी लवकर भरते.’ ‘मध्येच एकदा गोंजारा, म्हणजे पुढचा फटका जास्त लागतो.’ ‘पहिल्या दहा फटक्यांना कसंतरी होतं, मग हात बसतो.’ त्याखाली सतराजणांनी आभार मानलेत. ‘हात बसतो.’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मुकादमांच्या तोंडून ऐकलंय, अगदी याच निवांत सुरात. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, याचीच जास्त शिसारी आली.

आज निळी पट्टी अर्ध्यावर गेली. आता रस्ता बदलता येत नाही. चाबकाचं बटण बंद झाल्याचा टक्क आवाज आला, तेव्हा मला आनंद झाला. लिहून ठेवते – आनंद झाला.

२२ मार्च, रविवार

चारला सुरुवात झाली. मी ताईच्या मागे उभी होते.

कप्तान ओरडला, “ताई, सोडा!” ताईनं बटण दाबलं. मुक्या हलला नाही. “ताई!” तिनं उजवं मनगट डाव्या हातानं धरून पुन्हा दाबलं. तेवढ्यात तटावरून तिच्यावर बाण सुटले, आणि मुक्या धावला. दाराकडे नाही. ताईकडे. तिच्यासमोर आडवा उभा राहिला आणि सगळे बाण त्यानं अंगावर घेतले. पहिल्यांदाच भुंकला. मी लिहिलं होतं अगदी तसंच झालं.

दार फुटलं नाही. तो तिला सोडून जाईचना. बाकीचे सहाजण दारापाशी एकेक करून पडले.

हेडफोनमधून पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “चला, मला दळण आणायचंय.”

ताईनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

२३ मार्च, सोमवार

काल ती काय म्हणाली ते आज लिहिते आहे.

“चाबूक किती वेळा?”

एक बोट दाखवलं.

“मला ‘नाही’ म्हणायचं होतंस. मी पोस्टातल्या बाईंना सांगितलं असतं, त्यांनी केलं असतं. तुला माझी दया आली, जनावराची दया आली. मला विचारायचं तेवढं राहिलं.” मग अगदी हळू म्हणाली, “ज्याचं काम आहे त्याला आधी विचारा – हे मुकादमांना कोण सांगत होतं गं?”

मी. प्रत्येक सभेत मी. टाळ्या त्याच वाक्याला पडायच्या.

पाटी खाली ठेवली. पेन्सिलही ठेवली. गेले वीस दिवस ज्याची त्याची किळस करत बसले. एक जागा बघायची राहून गेली होती.

कप्तानानं ताईला शेवटची संधी दिलीय, पाच एप्रिल. एका वेळी एकच जनावर ठेवता येतं, म्हणून नवं घ्यायच्या आधी तिनं मुक्याला सोडून दिलं. ‘जा’ वर बोट टेकवायला तिला चार प्रयत्न लागले. तो गेला नाही. फाटकाबाहेर बसून राहिला, पडदा विझेपर्यंत.

२५ मार्च, बुधवार

ताईनं खेळाचा पासवर्ड बदलला.

२८ मार्च, शनिवार

बोलते माझ्याशी. मीठ कमी आहे, दार लावून घे, गोळी झाली का. चमचा मात्र माझ्या हातून घेत नाही. वरण सांडतं ते स्वतः पुसते.

३१ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. त्यांच्यासमोर ‘अ’ म्हटला. स्वच्छ उमटला. घरी येईपर्यंत बसमध्ये अख्खं भाषण तयार केलं – माफी, आणि माफीनंतर पुन्हा चाबूक का नको. चांगलं झालं होतं.

ताई संगणकापुढे होती. नवं पिल्लू. डाव्या हातानं उजवं मनगट धरून चाबूक दाबत होती. बोट बटणाच्या आजूबाजूला पडत होतं. एका फटक्याला चार-पाच प्रयत्न. तोंड बाजूला वळवलेलं. कोपऱ्यात आकडा होता – एकतीस.

मागे न बघता म्हणाली, “सुटलीस ना? बोल आता.”

मी पाटी घेतली. लिहून तिच्यासमोर धरली.

‘मनगट धरू का?’