मधला फ्रॉक

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की मध्ये भावोजी, शेजारीण आणि कुकर तिघंही बोलतात, म्हणून पत्र लिहितेय.

आमच्या संग्रहालयात गोधड्यांचं प्रदर्शन भरणार आहे. हसू नकोस. घरोघरच्या जुन्या गोधड्या आल्यात आणि लोक त्या चित्रं बघावीत तशा बघणार आहेत. इतकी वर्षं मी इथे दुसऱ्यांनी मांडलेल्या वस्तूंची धूळ झटकत आले. या वेळी मुख्य बाईंनी शेवटचं दालन माझ्या हाती दिलंय. तिथे एकच गोधडी लावायची, आणि ती मी निवडायची. मी आईची निवडली.

तेव्हा ट्रंकेतली गोधडी लगेच पाठव. धुऊ नकोस, इस्त्री फिरवू नकोस, उन्हातही घालू नकोस. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी धुणारी बाई तू, तुझे हात शिवशिवतील, म्हणून आधीच बजावते.

लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर पार्सल लवकर कर.

तुझी,
बुटकी

१५ जून

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

गोधडी बघायला लोक तिकीट काढून येणार, हे मी धुलाईखान्यात सांगितलं तर बायका चादरींच्या ढिगावर बसून हसल्या. मला मात्र बरं वाटलं. आईचं काम चार लोक बघतील.

ट्रंक उघडायचं जिवावर आलं होतं. आई गेल्यापासून सात वर्षं मी ती नुसती वरून पुसते. उघडली, तर वरच गोधडी, अर्ध्यात सोडलेली. कडेपासून एकेक फेरा घेत आई आत आत आली होती, आणि पुढे एवढी मोठी जागा कोरी. सुई तिथेच टोचलेली, गंजलेली. अगं, अशी कशी पाठवणार? दोन धडधाकट मुली असून आईची गोधडी कुणी पुरी केली नाही, हे काय चारचौघांत टांगायचं? मग बसले खिडकीशी. आईच्या डब्यातलाच दोरा, तिच्याएवढेच टाके. मी डावरी म्हणून आई माझं सगळंच उलटं म्हणायची, पण या वेळी तिलाही ओळखू आलं नसतं असं शिवलंय. माझ्याकडून पुरी केली.

तुझ्या भावोजींनी पार्सल तान्हं बाळ न्यावं तसं छातीशी धरून नेलं. आणि धुतली नाही हं, तुझा शब्द पाळलाय.

वेळेवर जेवत जा. माया पार्सलात मावेना, ती या पत्राबरोबर येतेय.

ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न.

ताई, हे काय करून बसलीस तू?

ती अर्धी राहिली होती म्हणूनच तर हवी होती. बाकीच्या सगळ्या गोधड्या पुऱ्या आहेत. शेवटच्या दालनात मला अशी एक लावायची होती, जिच्यात शिवणारीचा हात जिथे थांबला तिथे सुई अजून तशीच आहे. बाईंना हेच सांगून मी दालन मागितलं होतं. मला वाटलं, तुला वेगळं सांगायला नको.

आणि प्रदर्शन राहू दे बाजूला. आई शेवटचं शिवत होती तेव्हा तू तिच्याजवळ होतीस, मी नव्हते. मला तिचा शेवटचा टाका बघायचा होता, त्यावर बोट ठेवायचं होतं. आता तो तुझ्या टाक्यांत मिसळला, आणि वर तू लिहितेस की तिलाही ओळखू आलं नसतं.

पार्सल आलंय, पण उघडलेलं नाही. बाहेरून आलेलं कापड आम्ही आधी बांधलेलंच मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवतो, कसर असली तर मरावी म्हणून. गोधडी बाहेर आली की बाई बघतील. तिच्यात दाखवण्यासारखं काही उरलं नसेल तर दालन दुसऱ्या कुणाला जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

धाकटी

२५ जून

चि. बुटकीस (‘धाकटी’ म्हणून सही केलीस तरी तू बुटकीच),
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना तुझे भावोजी विचारायला लागले, डोळ्यांना काय झालं. म्हटलं, कांदा चिरतेय. समोर कांदा नव्हता.

माझ्यामुळे तुझं दालन गेलं तर मला ते जन्मभर लागून राहील. पण एक ऐक. तुला आईचा शेवटचा टाका हवा होता, मला तो नको होता गं. त्या दिवशी सुई टोचून ती म्हणाली, जरा पडते, उठून पुढचा फेरा घेते. झाकण न उघडताही मला तो टाका रोज दिसायचा. तुझं पत्र आलं म्हणून तर झाकण उघडलं. शिवायला बसले तेव्हा वाटलं, आई जरा पडलीय, तोवर तिच्या हातातलं काम मी घेतलंय, बाकी काही झालेलं नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

उसवायचं असेल तर उसव, मी काही म्हणणार नाही. पण आधी पुरती उलगड, अगदी मधोमध बघ, आणि मग काय ते ठरव.

आणि काय गं, गोधडीलाच थंडीत ठेवलंत? धन्य तुमच्या संग्रहालयाची.

तू लोभ लिहिला नाहीस, म्हणून तुझ्या वाटणीचाही मीच लिहिते.

ताई

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि या वेळचा नमस्कार खरोखर वाकून.

काल गोधडी बाहेर काढली. लांब टेबलावर पांढरा कागद अंथरून, हातमोजे घालून मी आणि बाईंनी ती उलगडायला घेतली. वरच्या बाजूने खरंच काही ओळखू येईना. बाबांचे कामाचे खाकी शर्ट, तुझा शाळेचा निळा स्कर्ट, जुना पडदा, सगळ्यांवरून एकसारखा टाका गेलेला.

मग एक बाजू उलटून मागून बघितलं आणि मला हसूच फुटलं. आईच्या प्रत्येक फेऱ्याची गाठ एकाच कोपऱ्यात, ओळीने. आणि एका फेऱ्यापासून गाठी टुणकन समोरच्या कोपऱ्यात गेलेल्या! ताई, तुझा डावा हात. दोरा आईचा, टाके तिच्यासारखे, पण सुरुवात केलीस ती आपल्याच बाजूने. आईच्या शेवटच्या गाठीपासून मी तो फेरा धरत धरत गेले. तो तुझ्या निळ्या स्कर्टावर अर्ध्यातच थांबतो, आणि समोरून आलेला तुझा दोरा तिथे त्याला भेटतो. मी हातमोजा काढला. नियमात बसत नाही, पण काढला, आणि त्या टाक्यावर बोट ठेवलं. बाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी पोटभर रडले.

मग मधला भाग उलगडला. माझा पिवळा फ्रॉक! आईने तो अगदी मधोमध लावलाय, हे मला कुठे माहीत होतं? तू त्याच्या चारी कडांपर्यंत आलीस आणि थांबलीस. फ्रॉकवर एकही टाका नाही, नुसती आईची सुई, गंज घासून लखलखीत केलेली, दोरा ओवून टोचून ठेवलेली. माझ्याकडून पुरी केली, असं तू लिहिलं होतंस, आणि मी ते भरभर वाचून तुझ्यावर चिडले.

बाई म्हणाल्या, ही आधी होती त्यापेक्षाही चांगली आहे. दालन माझंच राहिलं. गोधडी मधोमध टांगतोय, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी. पाटी मी लिहिलीय: शिवणाऱ्या तिघी – आई, थोरली मुलगी आणि धाकटी मुलगी. काम चालू आहे.

मांडलेल्या वस्तूला इथे कुणी टाका घालू शकत नाही, म्हणून प्रदर्शन संपेपर्यंत सुई तशीच राहील. ही गोधडी संग्रहालयात कायमची राहावी, असं बाईंच्या मनात होतं. मी नाही म्हटलं. ती माझ्याबरोबर घरी येणार. मला सरळ टाका घालता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा मन घट्ट कर.

उद्घाटनाला दोघंही या. मागच्या पत्रातून गाळलेला लोभ यात घातलाय, दोन्ही मिळून घे.

तुझी,
बुटकी

९ जुलै

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

उद्घाटनाला येतोय. धुलाईखान्यातल्या त्या हसणाऱ्या बायकाही येतायत, नवे कपडे आत्तापासून कपाटाबाहेर काढून ठेवलेत. तुझ्या भावोजींनी आपला जुना शर्ट माझ्यापुढे आणून टाकला, म्हणाले, पुढच्या गोधडीला घे. अजून चांगला आहे तो, पण माणसाला हौस.

तुझा टाका वाकडा येणार, हे मला ठाऊक आहे आणि आईलाही होतं. म्हणून तर तिने तुला मधे ठेवलं, चारी बाजूंनी घट्ट शिवून. येऊ दे वाकडा. मी हात लावणार नाही आणि कुणाला उसवूही देणार नाही.

ये लवकर. गोधडी घेऊन तू येईपर्यंत मी ट्रंकेचं झाकण लावत नाही.

ताई