वकिलांच्या खुर्चीचा डावा हात

दि. ११ मार्च, दुपारी

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फाडून न टाकता उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. चार वर्षांनी दादाचं पत्र आलेलं पाहून धास्तावला असशील, तर आधीच सांगतो, इथे सगळं क्षेमकुशल आहे. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघा दबून असतो. तुझी मंडळी कशी आहेत? धाकटी आता शाळेत जायला लागली असेल. तू मोटारींच्या सीटा शिवतोस असं कानावर आलं. त्या कामात तुझा हात बसला असणारच, ते काही विचारायला नको.

दुकान ठीक चाललंय. मागच्या महिन्यात वाचनालयाच्या सहा चामडी खुर्च्या आल्या. तिथली माणसं पुस्तकं वाचतात की खुर्च्या खातात, देव जाणे. हातांच्या कडा नखांनी सोलून काढलेल्या, बैठकीला भेगा. साबणाच्या फेसानं धुतल्या, दोन दिवस सावलीत वाळवल्या, फाटलं होतं तिथे आतून कापड सरकवून चिकटवलं, भेगांत लुकण भरून गुळगुळीत घासलं. वाकडी सुई अजून हातात नीट बसते. साठी उलटली तरी टाका वाकडा पडत नाही. रंगाचं पुढे सांगतो.

बातमी म्हणावी अशी एकच. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तुझी वहिनी कधीची मागे लागली होती आणि मी दाद देत नव्हतो. शेवटी एका पायात माझा काळा आणि दुसऱ्यात तिचा जांभळा मोजा घालून बँकेत जाऊन आलो, तेव्हा तिनं मला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं.

पट्टी निघाली आणि घरची भिंत पांढरी निघाली! मी तिला इतकी वर्षं पिवळट समजत होतो. वहिनीकडे बघून ‘अगं, तुझे एवढे केस कधी पिकले?’ असं तोंडातून निघून गेलं. पुढचे दोन दिवस माझा चहा मीच केला.

डावा डोळा अजून व्हायचाय. त्यामुळे एक गंमत झालीय. उजव्यानं पाहिलं की सगळं धुतलेलं, डाव्यानं पाहिलं की सगळं चहात बुडवलेलं. कधी हा मिटायचा, कधी तो, असा लहान पोरासारखा माझा खेळ चालला होता. मग दुकानात गेलो. वाचनालयाच्या खुर्च्या रंग लावून तयार होत्या. डाव्या डोळ्याला सगळ्या एकसारख्या तपकिरी दिसल्या. तो मिटून उजव्यानं पाहिलं, तर प्रत्येक ठिगळ वांग्यासारखं जांभळं! खेळ तिथेच संपला. सहाही खुर्च्यांचा रंग काढला आणि पुन्हा लावला. आता छान झाल्यात.

बाकी विशेष काही नाही. ऊन वाढतंय, सगळ्यांनी तब्येत सांभाळा.

दि. १२ मार्च, सकाळी

कालचं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे पत्र आहे की दवाखान्याची जाहिरात? ज्यासाठी लिहायला बसलात ते कुठाय?” म्हणून पुन्हा बसलोय.

ठिगळं जांभळी दिसल्याबरोबर मला वकिलांची खुर्ची आठवली. तुला त्या दिवसाची आठवण करून द्यायला नको, पण मला ते लिहिलं पाहिजे. खुर्चीचा डावा हात फाटला होता. शिवण माझी आणि रंग तुझा, ही आपली वाटणी. तू बाजारात गेला होतास, पण तेवढाही धीर मला नव्हता. रंग मीच लावून मोकळा झालो. वकील खुर्ची न्यायला आले आणि मागोमाग तू आलास. हळूच म्हणालास, “दादा, रंग जमला नाही. जांभळा मारतोय. उद्यावर ठेवू या.”

मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, “तुला डोळे आहेत की बटणं? माझ्या हाताखाली शिकलास आणि मलाच अक्कल शिकवतोस? पटत नसेल तर दार उघडं आहे!”

तू ब्रश धुतलेस, पुसलेस, जागेवर ठेवलेस. दुसऱ्या दिवशी आला नाहीस, आणि आठवड्याच्या आत बिऱ्हाड हलवलंस.

तर गेल्या सोमवारी मी वकिलांकडे गेलो. त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हातावर कागदांचा गठ्ठा होता. तो उचलला आणि डावा डोळा मिटला. बारक्या, तो हात दारातून दिसेल इतका जांभळा आहे.

“गठ्ठा उगाच नव्हता ठेवला, मिस्त्री,” वकील म्हणाले. “चार वर्षं झाकून ठेवलाय.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

“तुमचा भाऊ बोलू नका म्हणाला.”

त्यांनी सांगितलं की भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्यांच्या दारात उभा होतास. म्हणालास, “दादाला रंगाबद्दल काही बोलू नका. त्याच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलंय. चारचौघांत कळलं तर तो खचेल. मी गुपचूप येऊन रंग दुरुस्त करून देतो.” मग तू गावच सोडलंस आणि वकील वाट बघत बसले.

तिथेच मी हात जोडले. म्हटलं, “वकीलसाहेब, त्या दिवशी तुमच्यासमोर मी त्याला बोललो ते साफ चुकीचं होतं. तुमच्यासमोरच मागे घेतो.”

वकील काय म्हणाले असतील? “मी फक्त साक्षीदार आहे. ज्याचा दावा आहे, नोटीस त्याला पाठवा.” तर ही ती नोटीस.

इथे थांबलो तर मी चांगला दिसेन. बिचाऱ्याला दिसत नव्हतं, झाली चूक, असं तू मोठ्या मनानं म्हणशील. माझाही काल तोच डाव होता, सगळं मोतीबिंदूवर ढकलून मोकळं व्हायचं. पण खरं ऐक. त्या दिवशी सकाळी रंगाच्या बाटल्यांमधली कुठली कुठली, ते मला ओळखता येत नव्हतं. तुझी वहिनी डबा घेऊन आली, तेव्हा तिच्याकडून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून घेतल्या. चष्मा घरी विसरलो म्हणालो. चष्मा खिशात होता. तू ‘जमला नाही’ म्हणालास, त्याच क्षणी मला कळलं की तुझंच खरं असणार. माझी भीतीनं गाळण उडाली होती. रंग ओळखता येत नाही म्हणजे धंदा संपला, असं वाटलं, आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं. म्हणून तुला आडवं केलं. रंग चुकला तो मोतीबिंदूमुळे. तुला बोललो ते मोतीबिंदूमुळे नाही.

आपल्या बारीक खिळ्यांच्या डब्यावर तू ‘चुका’ असं लिहून ठेवलंयस ना, ते अजून तसंच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मिस्त्री, एवढ्या चुका कुणाच्या? मी ठोकून द्यायचो, धाकट्या भावाच्या! सगळे हसायचे. सोमवारपासून ते उत्तर बंद केलंय.

हे आत्ता वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चष्मा खिशात होता हे मला तेव्हाच दिसलं होतं.” म्हणजे तुला ठाऊक, वकिलांना ठाऊक, हिला ठाऊक, आणि मी एकटा झाकत बसलो होतो.

वकिलांची खुर्ची मी दुकानात आणलीय. डाव्या हातावरचा रंग काढून चामडं उघडं केलंय. तोवर वकील लाकडी स्टुलावर बसून सल्ले देतात आणि रोज निरोप धाडतात की पाठ मोडली. आता तो रंग मलाही जमेल, पण मी लावणार नाही. तू तो लावायला यावंस असं मला फार वाटतं. कामासाठी बोलावतोय असं समजू नकोस. काम माझं मी ओढतो, आणि खरं सांगायचं तर मी सुखात आहे. सकाळी दुकान उघडलं की रंगांच्या बाटल्या बघत नुसता उभा राहतो. एकेक तपकिरी रंग निराळा दिसतो, आणि तो दाखवायला शेजारी कुणी नसतं. तिकडे तुझं बस्तान बसलं असेल तर ते मोडू नकोस. एक दिवस ये. यावंसं वाटलं नाही, तर तसं कळव. मी राग धरणार नाही. तो तू धरायचा.

पत्र संपवताना मोठ्या भावानं आशीर्वाद लिहायचा असतो. मी तो दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला, वर डाग दिसतोय तो त्याचाच. माझं चुकलं, बारक्या. वय राहू दे बाजूला, मी तुला वाकून नमस्कार करतो.

तुझा,
दादा