नबुखद्नेस्सरासाठी अंथरूण

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून देवळातून परतलो. संकल्प: ईस्टरपर्यंत चाळीस दिवस राग बंद. पाद्रीबाईंना सांगूनही टाकलं.

परतीच्या वाटेवर टेश म्हाताऱ्याच्या कोठाराच्या भिंतीवरची शिंगं दिसली. रांगच्या रांग. राग आला. पण राख अजून ओली होती, तेव्हा तो हिशेबात धरायचा नाही.

आठ वर्षं मला हरणाचा एक नर मिळालेला नाही. वडिलांचं चाळीस एकर रान माझं, आणि हरणं कुंपणापलीकडच्या टेशची. तो बहात्तर वर्षांचा, बागेतल्या घडीच्या खुर्चीवर बसून मारतो! माझं रान खालून झाडल्यासारखं मोकळं. हरणं त्यातून नुसती ये-जा करतात. त्यातला थोरला, डावा कान फाटलेला, दहा टोकी शिंगांचा. मी त्याला नबुखद्नेस्सर म्हणतो. पवित्र शास्त्रातला तो राजाही गवत खात असे. यंदा तो माझा.

लहानपणी वडिलांच्या हाक्यात, हरणं बंदुकांपुढे पिटाळायला, मी आरडत रान तुडवायचो, नेम मोठे धरायचे. हाकेकऱ्याला शेवटी वाटा म्हणून मांसाचं पुडकं. बंदूक हाती आली तेव्हा शपथ घेतली, पुन्हा हाका करणार नाही.

१ मार्च

बिजागरी-काप. छातीच्या उंचीवर खोड पाऊण कापायचं, उरलेल्या पट्टीवर झाड आडवं करायचं. मरत नाही, वाकतं. वसंतात फुटतं. हरणाला वर चारा, खाली अंथरूण. वाकूनही जगायचं, यात मला उपदेश दिसला.

पहिलं मॅपल तुटून पडलं. दुसरं उभं चिरलं आणि माझ्या कानाजवळून गेलं. ज्या व्हिडिओवरून हे शिकलो त्यातल्या माणसाची टोपी इतकी स्वच्छ कशी, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. रेने म्हणाली, हेल्मेट घाल, विम्याच्या माणसाशी मला बोलायचं नाहीये. मी म्हटलं, बायकोने नवऱ्याच्या कामावर विश्वास ठेवावा.

संध्याकाळी हेल्मेट घातलं. थंडी होती म्हणून.

८ मार्च

टेश कुंपणाशी येऊन उभा. म्हणे, पोरा, ही झाडं कापलीस की कापता कापता जेवायला गेलास? मी शांतपणे सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, आत शिरणार कसं? म्हटलं, हरणं शिरतील बरोबर. म्हणे, हरणांचं नाही रे, तुझं विचारतोय.

एक फार चांगलं उत्तर सुचलं होतं. उपवासकाळ म्हणून गिळलं. घरी येऊन चेनसॉवर ओरडलो. यंत्रावरचा राग धरत नाहीत.

१९ मार्च

एकशे चाळीस झाडं! हात बसला की थांबवत नाही. मचाणाकडे जायला एक बोळ राखला होता. शेवटची सात त्यातच आडवी झाली. वारा होता. उन्हाळ्यात साफ करू.

९ एप्रिल, ईस्टर

हिशेब: एकतीस वेळा राग. टेशवरचे धरलेले नाहीत, ते खाजगी.

१७ जून

सगळं फुटलंय! हिरवी भिंत. बोळ साफ करायला गेलो, काटेरी ब्लॅकबेरी छातीपर्यंत, डास तोंडात. परत आलो. आत माणसाचा वास राहता कामा नये. हा आळस नव्हे, शास्त्र आहे.

८ ऑक्टोबर

देवा, तुझे उपकार. झाडावरच्या कॅमेऱ्यात फोटो आला: नबुखद्नेस्सर, मी आडव्या केलेल्या मॅपलखाली, पाय दुमडून गाढ!

देवळात कॉफीच्या वेळी फोटो सगळ्यांना दाखवला. टेशला दोनदा. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, तोंड कुणीकडे आहे रे याचं? म्हटलं, उत्तरेला, तुमच्या कुंपणाकडे. म्हणे, बरं. एवढंच! जळतो म्हातारा. दिवसभर जळो.

१७ नोव्हेंबर

उद्या हंगामाचा पहिला दिवस. पाचला निघायचं. सावकाश, आवाज नाही, राग तर नाहीच. भिंतीवर शिंगांसाठी खिळा ठोकून ठेवला. रेने म्हणाली, आधी हरीण तर आण. मी ऐकलंच नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९

एकदाच लिहून टाकतो.

५.१० ला रानात शिरलो. ५.४० पर्यंत वीस पावलं. पुढे फांद्याच फांद्या, सगळ्या माझ्या. रांगलो. बंदुकीचा पट्टा अडकला, तो सोडवला तर टोपी अडकली. मचाण समोर दिसतंय आणि उजाडायला लागलंय. ६.५० ला थर्मॉस निसटला आणि खोडांवर आपटत खाली गेला, देवळाच्या घंटेसारखा. त्याच क्षणी एका फांदीने तोंडावर सपकन मारलं. मग चाळीस दिवस जे बोललो नव्हतो ते सगळं बोललो. उभा राहून. पूर्ण आवाजात. त्या मॅपलला, व्हिडिओवाल्याला, वाऱ्याला, आणि नाव घेऊन टेशला.

पुढच्या झुडपातून कुणीतरी फुस्स केलं. फाटलेला कान दिसला, मग पांढरं शेपूट, उत्तरेकडे.

कुंपणापलीकडून गोळीचा आवाज आला. एकच.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

सकाळी टेश दारात. हातात पांढऱ्या कागदाचं पुडकं, वर त्याच्या जाड अक्षरात लिहिलेलं: हाकेकऱ्याचा वाटा. म्हणाला, लोवेल, चाळीस वर्षांत असा हाका कुणी केला नाही बघ. तुझ्या बापाचा आवाजही एवढा नव्हता. माझं नाव ऐकलं तेव्हाच मी बंदूक उचलली.

रेनेने त्याला आत घेतलं, ॲपल पाय वाढला.

दुपारी तिने मांस लोण्यात कांद्यावर परतलं. प्रार्थना मी म्हटली. नबुखद्नेस्सराच्या नावापाशी अडकलो, तिथे तिने पुरी केली. मऊ होतं. दोनदा घेतलं. खिळ्यावर टोपी लावली आहे.

शनिवारी टेशचा मेहुणा येतोय, त्यालाही एक नर हवाय. म्हाताऱ्याने विचारलं, येशील का, तुझ्याच रानातून? पण या वेळी जरा सातनंतर सुरू कर, आमची हाडं थंडीने आखडतात.

हो म्हटलं. घसा शेकायला रेनेने मीठपाणी ठेवलंय.