मोकळं केलेलं कार्ड

अण्णा, तुमचं ते कॅमेऱ्याचं कार्ड अखेर वाचलं मी. तुम्ही गेल्यावर सायखेड्याचा स्टुडिओ आवरताना तुमच्या बॅगेत सापडलं, जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यात गुंडाळलेलं. दोन दिवस इथे नाशिकला ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसलेय आणि तुमच्यावर नुसती चरफडतेय. गावातल्या झाडून सगळ्या नवरीमुलींना "हनुवटी वर, ताई" म्हणालात, आणि घरात आईचा एक धड फोटो नाही! तिच्या दहाव्याला कुणाच्यातरी हळदीच्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करावा लागला. तेव्हा चारचौघांत मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही घाटाच्या पायऱ्यांकडे बघत बसलात.

कार्ड रिकामंच दिसत होतं, पण पुसलेला फोटो लगेच जात नाही. त्याच्या जागी दुसरा पडेपर्यंत तो कार्डातच असतो. म्हणून ते हुडकणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला ठरावीक बाइटांची खूण असते. खूण दिसली की जुनी फाइल बंद, नवी सुरू. पण बाहेर आले ते नखाएवढे फोटो! पेढा धरलेली आई, आणि तोंडच ओळखू येईना. लूप तपासला, पॉइंटर तपासले, मधूनमधून तुमचा उद्धार केला. मग कळलं, कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात त्याचीच चिमुकली नक्कल ठेवतो, तीच खूण लावून, आणि माझा प्रोग्राम फोटो नेमका तिथे तोडतोय. खूण फक्त पाचशे बारा बाइटांच्या ठोकळ्याच्या सुरुवातीलाच खरी मानायची, एवढी एक अट घातली. आई पडदाभर उघडली. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा दिवस, पिठाचे हात, "अहो, नका ना" म्हणणारं तोंड. मी ओट्याशीच रडले.

त्याच दुपारी तुम्हाला चांदोरीचं लग्न होतं. "घरचे फोटू आधी कम्प्युटरवर घे, मंग कार्ड मोकळं कर. आन् नीट कर, तुझं ध्यान नसतंय कशात," पाहुण्यांसमोर मला म्हणालात. कार्ड नवंकोरं होतं, मोकळं केलं की पुन्हा पहिल्यापासून भरणार, त्यामुळे आमच्या फोटोंवर ते लग्न पडलेलं असायला हवं होतं. पुन्हा पुन्हा शोधलं. नवरी नाही, अंतरपाट नाही, फक्त आमचे एकवीस फोटो. म्हणजे तुम्ही लग्नाला दुसरं कार्ड नेलंत, आणि याला परत कधी हातच लावला नाहीत. एकदा जरी वापरलं असतं, तरी आई गेली असती.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तरी इतकी वर्षं माझ्या तोंडून सगळं मुकाट ऐकून घेतलंत? एका शब्दानं मला गप्प करता आलं असतं. का नाही केलंत? मला याचाच जास्त राग येतो. हा कागद त्याच पत्रिकेत, कार्डाशेजारी ठेवते.

दहाव्याला मी ओरडले होते, "आईचे फोटो तुम्ही पुसलेत!" अण्णा, फोटो कॉपी न करता, रागारागात बटण दाबलं होतं ते मी. घाटावर ओरडतानाही मला ते माहीत होतं.